देव न मानणाऱ्यालाही अभंग का भिडतो?

१. प्रश्न आणि त्याची दोन घाईची उत्तरे

संतवाणीचा कार्यक्रम संपला, पेटीचा भाता मिटला, की श्रोत्यांपैकी कोणीतरी हा प्रश्न विचारतोच. "मी देवळात जात नाही, उपासतापास करत नाही. मग भीमसेनजींचा अभंग ऐकताना माझ्या अंगावर काटा का येतो? डोळ्यांत पाणी का येतं?" विचारणारा जरा संकोचलेला असतो. आपण काही चोरून खाल्ले की काय, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर असतो.

यावर दोन उत्तरे तयार असतात. पहिले, हे लहानपणचे संस्कार. आजीचा हरिपाठ कानावर पडलेला असतो, तोच आतून वर येतो. दुसरे, देवच हाक मारतो, तू मान किंवा नको मानूस. संस्कारांचा वाटा आहेच, तो नाकारण्याचे कारण नाही. पण ज्यांना मराठी येत नाही, ज्यांनी वारी कधी पाहिली नाही, असेही श्रोते अभंगाने हलतात. खुद्द भीमसेन जोशी गदगचे, घरची भाषा कन्नड. संस्कार हे एकच कारण असते, तर एकाच घरात वाढलेल्या दोघा भावंडांपैकी एकाचे डोळे भरावेत आणि दुसऱ्याने घड्याळ पाहावे, असे झाले नसते. दुसऱ्या उत्तराबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. ते खरे मानले, तरी हाक याच ओळीवर, याच स्वरावर का ऐकू आली, हा प्रश्न उरतोच.

या प्रकरणात तो उरलेला प्रश्न घेऊ. 'दिव्य अनुभव' हा शब्द वापरताना मी त्याचा साधा अर्थ धरतो: आपल्याहून फार मोठे काहीतरी समोर आहे, आणि आपले 'मी'पण तेवढ्यापुरते सैल झाले आहे, अशी जाणीव. ती मोठी वस्तू देव आहे की निसर्ग, की निव्वळ सूर, हे आधीच ठरवायची गरज नाही.

२. शरीर आधी बोलते

अंगावर काटा येणे ही शरीराची जुनी सवय आहे. केसाच्या मुळाशी एक बारीकसा स्नायू असतो. थंडी वाजली, भीती वाटली की तो आखडतो आणि केस उभा राहतो. हे आपल्या हुकमाने होत नाही. म्हणूनच तो काटा प्रामाणिक असतो; दाद खोटी देता येते, रोमांच खोटे आणता येत नाहीत.

आपल्या परंपरेने ही गोष्ट फार आधी टिपली आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ म्हणजे जागच्या जागी थिजणे, घाम, रोमांच, आवाज फुटेनासा होणे, कंप, चेहऱ्याचा रंग उडणे, अश्रू आणि शेवटी भान हरपणे. मुळात ही यादी नटासाठी होती. नटाचे मन एकाग्र झाल्याशिवाय हे भाव साधत नाहीत, म्हणून ते 'सात्त्विक'. नंतर भक्तिसाहित्याने ती यादी देवाच्या भेटीसाठी उचलली. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून अर्जुनाचे अंग रोमांचित होते, तो मस्तक लववून हात जोडतो. ज्ञानेश्वर तेवढ्यावर थांबत नाहीत. अर्जुनाच्या देहात एकेक सात्त्विक भाव कसा चढत गेला, ते जणू वैद्याने नाडी धरून सांगावे तसे ते ओवीमागून ओवी सांगत जातात. १२९० मध्ये नेवाशाला सांगितलेल्या ग्रंथात अनुभवाची खूण म्हणून शरीराला एवढे मानाचे स्थान मिळावे, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. देहाला तुच्छ मानणाऱ्याला असे लिहिता आले नसते.

आता प्रयोगशाळेत जाऊ. कॅनडातल्या मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात अॅन ब्लड आणि रॉबर्ट झटोरे यांनी संगीत जाणणाऱ्या दहा जणांना त्यांच्याच आवडीचे संगीत ऐकवले आणि काटा येतो त्या वेळी मेंदूत रक्तप्रवाह कुठे वाढतो ते पाहिले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की भूक भागल्यावर किंवा इतर तीव्र सुखाच्या वेळी मेंदूचे जे भाग जागे होतात, तेच इथेही जागे होतात. पुढे २०११ मध्ये वलोरी सलीमपूर आणि झटोरे यांच्या गटाने आणखी बारकाईने पाहिले. सुखाशी जोडलेले डोपामिन नावाचे रसायन या वेळी मेंदूत दोनदा स्रवते, आणि दोन वेगळ्या जागी. एकदा अत्युच्च क्षणी, आणि एकदा त्याच्या थोडे आधी, तो क्षण येणार अशी चाहूल लागलेली असताना.

ही 'आधीची चाहूल' आपल्याला पुढे फार उपयोगी पडणार आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या दुसऱ्या प्रयोगातले संगीत शब्दांविना होते. अभंगात शब्द आहेत. म्हणजे प्रयोगशाळेने आपल्या प्रश्नाचा एक भाग सोडवला, दुसरा तसाच राहिला.

३. चौथा तुकडा आखूड का?

चाहूल लागायची, तर पुढे काय येणार याचा अंदाज हवा. अंदाज यायचा, तर रचनेला नियम हवा. मोठ्या अभंगाचा नियम सोपा आहे. एका चौकात चार तुकडे. पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचे यमक जुळते. समजावे म्हणून मीच एक नमुना जुळवतो:

पहाटेच्या वेळी । चुलीपाशी आई ।
भाकरीची घाई । सुरू झाली ॥

अक्षरे मोजून पाहा. प-हा-टे-च्या-वे-ळी, सहा. दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात सहा, 'आई'ला 'घाई'चे यमक. या ओळीत अध्यात्म काहीही नाही. तरी ती मोठ्याने म्हटली, की तिसऱ्या तुकड्यापर्यंत कान एका चालीला सरावतो, यमक जुळल्याने सुखावतो आणि चौथ्यातही सहा अक्षरे येतील असे धरून चालतो. तिथे चारच येतात. उरलेल्या दोन अक्षरांची जागा रिकामी राहते. ती रिकामी जागा म्हणणाऱ्याच्या श्वासाने भरते, टाळाने भरते, किंवा कशानेच भरत नाही. संतांनी आपले सर्वांत मोठे शब्द पुष्कळदा याच आखूड तुकड्यात ठेवले आहेत; त्यांच्यामागे थोडी शांतता आपोआप येते.

दुसरी युक्ती ध्रुवपदाची. कीर्तनात किंवा भजनात प्रत्येक चरणानंतर ध्रुवपद परत येते. कागदावर ती निव्वळ पुनरावृत्ती दिसते. पण जात्याची पाळी दर फेऱ्याला तीच असली तरी पीठ दर फेऱ्याला बारीक होत जाते, तसे ध्रुवपदाचे आहे. पहिल्यांदा ऐकताना त्याचा अर्थ कळतो. एक चरण मधे जाऊन ते परत आले की त्याच शब्दांना त्या चरणाचा रंग चढलेला असतो. चौथ्या-पाचव्या खेपेला शब्दांचा अर्थ लावणे आपण सोडून देतो. तिथे डोके मागे पडते आणि अंग डोलू लागते.

वारकरी भजनात याला लयीची जोड असते. विठ्ठलाच्या रूपाचा अभंग संथ सुरू होतो, पखवाजावर ठेका रेंगाळत चालतो, टाळकरी दोन ओळी करून समोरासमोर उभे. हळूहळू लय चढते, पावली सुरू होते, शेवटी अभंगाचे शब्द गळून नुसते नाम उरते. इतक्या जणांचे पाय एकाच घाताला पडू लागले की 'माझा' पाय कोणता, ही जाणीव पुसट होते. एकट्याने गादीवर बसून ऐकताना जे क्षणभर होते, ते दिंडीत चालणाऱ्याला तास-दीड तास टिकवता येते. कानात यंत्र घालून अभंग ऐकण्याची सोय चांगलीच आहे, पण अभंगाचा घाट टाळ्या वाजवणाऱ्या, चालणाऱ्या माणसांनी घडवला आहे. तो तिथे अधिक खुलतो, असे माझे मत आहे.

४. कोणीही न छेडलेला गंधार

आता शब्द बाजूला ठेवू आणि मैफल सुरू होण्याआधीच्या तंबोऱ्यापाशी थांबू. तंबोऱ्याला साधारणतः चार तारा असतात. पहिली बहुधा पंचमात लावतात, मधल्या दोन षड्जात आणि शेवटची खर्जाच्या षड्जात. म्हणजे छेडले जाणारे स्वर दोनच, सा आणि प. तरीही नीट लागलेल्या तंबोऱ्यातून तिसरा एक स्वर स्वच्छ ऐकू येतो, गंधार. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

हा येतो कुठून? हिशेब सोपा आहे. समजा, खर्जाची तार सेकंदाला १०० वेळा कंप पावते. पण तार नुसती अखंड हलत नाही. त्याच वेळी ती दोन भागांत, तीन भागांत, चार-पाच भागांतही हलत असते. दोन भागांतली कंपने २००, हा वरचा सा. तीन भागांतली ३००, हा त्या सप्तकातला पंचम. चार भागांतली ४००, हा आणखी वरचा सा. पाच भागांतली ५००. आता ४०० ला सा धरले, तर ५०० ला येणारा स्वर म्हणजे बरोबर गंधार. तारेच्या पोटातच तो होता. घोडीवर तारेखाली सरकवलेला बारीक दोरा योग्य जागी बसला, जवारी खुलली, की एरवी दबून राहणारे हे वरचे स्वर उजळतात.

याचा आपल्या प्रश्नाशी संबंध असा, की ऐकणाऱ्याला इथे छेडले त्यापेक्षा अधिक ऐकू येते. वाजवणाऱ्याचा हात दिसतो, पण हा स्वर त्या हाताने काढलेला नाही. जे कोणी केले नाही ते घडते आहे, ही जाणीव देवाच्या जाणिवेच्या फार जवळची आहे. तिच्यामागचे गणित कळल्यावर ती कमी होईल अशी भीती अनेकांना वाटते. ज्यांनी ज्यांनी हा हिशेब समजून घेऊन पुन्हा तंबोरा ऐकला, त्यांनी गंधार अधिक आतुरतेने शोधला, असेच मी पाहिले आहे.

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. एका विणेकऱ्याचा पहारा संपला, की दुसरा पुढे होतो, पाया पडतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. रात्री तीन वाजता मंडपात दोन-चारच माणसे असतात, तेव्हाही तार चालू असते. कीर्तनकार बदलतात, प्रवचने होतात, पंगती उठतात, खालचा आधारस्वर तेवढा तसाच राहतो. न बदलणारे काहीतरी खाली सतत आहे, हे वेदान्त शब्दांत सांगतो. विणेकरी ते कानांना सात दिवस ऐकवत ठेवतो.

कुमार गंधर्वांनी याच्या उलट बाजूने वाट काढली. क्षयाने फुप्फुस निकामी झाल्यावर १९४७ च्या सुमारास ते देवासला आले आणि पुढची काही वर्षे गाणे पूर्ण बंद होते. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातली लोकगीते आणि नाथपंथी भजनी लोकांचे गाणे त्यांच्या कानावर पडत राहिले. ते उठून पुन्हा गाऊ लागले तेव्हा निर्गुणी भजनाला त्यांनी एक वेगळाच आवाज दिला. स्वर एकदम फेकायचा आणि तसाच सोडून द्यायचा, म्हणजे मागे पोकळी राहते. सगुण भजनात समोर विठ्ठल उभा असतो, निर्गुणात कोणीच नसते. मला वाटते, ज्याला देवाच्या रूपाशी जमत नाही, त्याने अभंगाआधी कुमारांच्या निर्गुणी भजनांतून आत शिरावे.

५. चार खुणा, आणि कोरडे दिवस

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०१-०२ मध्ये एडिंबरोला दिलेली व्याख्याने १९०२ मध्ये पुस्तकरूपाने आली. धार्मिक अनुभवांचे इतके सहानुभूतीने आणि इतक्या डोळसपणे केलेले वर्णन त्याआधी क्वचितच झाले असेल. गूढ अनुभवाच्या त्यांनी चार खुणा सांगितल्या. तो शब्दांत मावत नाही. त्यातून काहीतरी 'कळले' असे वाटते, तो निव्वळ सुखाचा झटका नसतो. तो फार टिकत नाही. आणि तो आपण आणत नाही, तो आपल्याला होतो.

या चारही खुणा अभंगाच्या श्रोत्याला थोड्या प्रमाणात लागू पडतात, म्हणून त्याचा अनुभव खोटा किंवा हलका मानू नये. पण श्रोता आणि संत यांच्यातला फरक तिसऱ्या खुणेपाशी कळतो. अनुभव टिकत नाही, तर तो गेल्यावर माणूस काय करतो?

तुकारामांची गाथा या दृष्टीने वाचावी. आपण तिच्यातले आनंदाचे अभंग अधिक ऐकतो, कारण ते अधिक गायले जातात. पण गाथेत देव भेटत नाही म्हणून झुरणारे, विठ्ठलाशी भांडणारे, त्याला खडे बोल सुनावणारे अभंग ढिगाने आहेत. एका ठिकाणी तर माझ्यापुरता देव मेला, असेच तुकाराम म्हणून टाकतात. गुरुदेव रा. द. रानडे यांनी महाराष्ट्रातल्या संतांवरच्या १९३३ च्या इंग्रजी ग्रंथात तुकारामांच्या या काळोख्या कालखंडाकडे मुद्दाम लक्ष वेधले. ख्रिस्ती गूढवाद्यांनी आत्म्याच्या अंधाऱ्या रात्रीचे जे वर्णन केले, त्याच्याशी त्यांनी तो जोडला.

म्हणून सुरुवातीच्या त्या संकोचलेल्या श्रोत्याला सांगावेसे वाटते, की देव नसल्याची जाणीव तुमची एकट्याची नाही, ती गाथेत आहे. अभंग भिडतो तो पुष्कळदा श्रद्धेमुळे नाही, तर त्यातल्या ओढीमुळे. हवे आहे आणि मिळत नाही, हे सांगण्याची एवढी निर्भीड भाषा मराठीत दुसरीकडे सापडणे कठीण. ती समजायला आस्तिक असावे लागत नाही.

६. सही कोणाची?

प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा. विष्णुपंत पागनीस तुकारामांच्या भूमिकेत. त्यातले 'आधी बीज एकले' हे पद तुकारामांचे नाही. ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिले आणि केशवराव भोळे यांनी स्वरबद्ध केले. पण ते इतके अस्सल उतरले, की लोक ते गाथेत शोधू लागले. 'इंद्रायणी काठी' हेही असेच: शब्द गदिमांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची, आवाज भीमसेनजींचा, आणि मूळ जागा १९५३ चा 'गुळाचा गणपती' हा चित्रपट. आज ते देवळांतल्या भजनांत म्हटले जाते आणि म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांत खरेच पाणी येते.

मग हा अनुभव नकली झाला का? मी तसे मानत नाही. घाट शतकानुशतकांच्या तोंडांनी घासून पक्का झालेला असेल, आणि नव्या कवीने तो मनापासून धरला असेल, तर तो घाट आपले काम करतो. आपण मात्र एक शिकावे. काटा आला, एवढ्यावरून पद संतांचे ठरत नाही, आणि पद चित्रपटातले आहे एवढ्यावरून काटा खोटा ठरत नाही.

तरीही सही कोणाची, याने फरक पडतो असे एक उदाहरण आहे. मेंदूतल्या रसायनाने किंवा अक्षरांच्या हिशेबाने ते उलगडत नाही, म्हणून ते शेवटी ठेवले.

७. सोयराबाईंचा अभंग

'अवघा रंग एक झाला' किशोरी आमोणकरांच्या आवाजात बहुतेकांनी ऐकला आहे. भैरवी रागात. भैरवी मैफलीच्या शेवटी येते; तोवर श्रोता तीन तास गाण्यात मुरलेला असतो आणि आता संपणार, हेही त्याला कळलेले असते. किशोरीताईंनी तिथे आलापीची घाई केली नाही. शब्द स्पष्ट, स्वर लांबवलेला, आणि 'एक' या शब्दाकडे पुन्हापुन्हा येणे. विठ्ठलाच्या दर्शनाने मी-तूपण संपले, पाहणेच दूर गेले, असा त्याचा आशय. जेम्सच्या बहुतेक खुणा त्यात मिळतात.

अभंग चौदाव्या शतकातल्या सोयराबाईंचा आहे. त्या चोखोबांच्या पत्नी. दोघांना पंढरपूरच्या देवळात प्रवेश नव्हता. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून चोखोबा गेले. परंपरा सांगते की नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. द्वाराच्या बाहेर. आता अभंगाची शेवटची ओळ ऐका. सगळा भेद मावळल्याचे सांगून झाल्यावर सोयराबाई नाममुद्रा घालतात, आणि तिथे स्वतःची ओळख चोखोबांची बायको म्हणून, जातीच्या नावासकट देतात. अद्वैताच्या सर्वोच्च टोकावर, त्याच ओळीत, गावाने दिलेले नाव.

हा अभंग ज्या दर्शनाबद्दल आहे, ते तिला गाभाऱ्यात मिळालेले नाही. दुसऱ्या एका अभंगात ती सरळ विचारते, की सगळे देहाला विटाळ म्हणतात, पण विटाळाशिवाय जन्मलेला देह दाखवा. अशा बाईने 'रंग एक झाला' म्हणणे आणि ज्याला कधी कोणी दारात अडवले नाही त्याने ते म्हणणे, यांतले शब्द सारखे असले तरी विधान एक नाही. तिच्या तोंडी ती समाधीची अवस्था आहे आणि त्याच वेळी व्यवस्थेला दिलेले उत्तरही आहे. त्या देवळाचे दार दलितांसाठी उघडले ते मे १९४७ मध्ये, साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केल्यावर. अभंग लिहिल्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी.

हे माहीत नसतानाही भैरवीचे स्वर आपले काम करतात, काटा येतोच. माहीत झाल्यावर त्या काट्यात लाज मिसळते, आदर मिसळतो, आणि जेम्सची दुसरी खूण, काहीतरी कळल्याची, पुरती जागी होते. पुढच्या वेळी हा अभंग लावाल तेव्हा शेवटच्या ओळीपर्यंत थांबा, आणि नाममुद्रा नीट ऐका.